पितळी गरुडांचा कर

एका राज्यात आकाशातून येणाऱ्यांसाठी अग्निरसाचे हौद होते आणि जमिनीवर राहणाऱ्यांना प्यायला पाणी नव्हते. राजाचे नाव वीरकेतू. राज्याच्या टोकाला कातळवाडीचा उघडा माळ. तिथे दूरदेशीचे पितळी गरुड उतरत. पाठीवर व्यापारी, पोटात आग. अग्निरस पीत आणि पुन्हा उडत. पिताना रस सांडे. सांडलेला रस झिरपत कातळवाडीच्या विहिरीत उतरला आणि पाण्यावर निळी साय धरली.

अग्निरसावर कर जबर होता. त्यातून डोंगरापलीकडच्या झऱ्याचा पाट माळापर्यंत सहज आला असता. पण कर जाई राजधानी रत्नावती नगरीला, जिच्या आकाशात गरुड कधी फिरकलाही नव्हता. कारण कायदा असा, की जिथे सौद्याचा रुमाल पसरला, तिथला कर. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालत, बोटे दाबून भाव ठरवत. रत्नावतीत चक्रनाभ नावाचा मांत्रिक दलाल आपल्या पेढीवर रुमाल पसरी आणि माळावरच्या व्यापाऱ्याचा हात मंत्राने त्या रुमालाखाली येई. रस माळावर, धूर माळावर, सौदा नगरीत. हे असे का, असे विचारायला दरबारात बंदी नव्हती. उत्तर द्यायची मात्र पद्धत नव्हती.

त्या धनाला माळाच्या क्षेत्रपालाचा शाप होता. ते ज्या नगरीत साठे, तिथे कोणाची तहान भागत नसे. रत्नावतीत चौकाचौकात कारंजी होती आणि प्रत्येक कारंज्याभोवती भांडणे. राजा तर न्याय करतानाही पेला खाली ठेवीत नसे.

कातळवाडीची पाटलीण येसाक्का. गाव सोडून जायला लोक गाड्या भरू लागले, तेव्हा ती आडवी उभी राहिली. "दिवाळीपर्यंत थांबा. पाणी आणलं नाही, तर पहिली गाडी माझी."

ती दरबारात गेली. म्हणाली, "महाराज, आमच्या माळाचा कर आमच्या पाण्याला द्या."

चक्रनाभ हसला. "बाई, कायदा तुझ्या आजोबांहून म्हातारा आहे."

"म्हातारा आहे म्हणूनच त्याला दिसत नाही," येसाक्का म्हणाली.

राजाने घोट घेतला. "चक्रनाभा, तिला परीक्षा सांग. उतरली, तर मागणी मान्य."

"गरुडाची गर्जना घागरीत भरून आण," चक्रनाभ म्हणाला. "त्याची सावली घडी घालून आण. तिसरे काम ती दोन झाल्यावर सांगेन."

येसाक्का माळावर परतली आणि दगडावर बसली. उघड्या जमिनीवर अंडी घालून बसलेली टिटवी म्हणाली, "पाटलीणबाई, रडायला आलीस की विचारायला?"

"विचारायला."

"मग घरी जा. गावातल्या घागरी किती काळ रिकाम्या आहेत? गर्जना त्यांतच साठते आहे. तोंडाला फडके बांध, झाले."

खरेच, घागरीला कान लावला तर आत गरुड घुमत होता. येसाक्काने फडके घट्ट बांधले.

"आणि सावली?"

"रोज एकाच घोंगडीवर पडते, जिच्यावर तू बाजरी वाळवतेस. मुरली आहे आत. कोपरा मी सोडवते, ओढायचे तुझे तू बघ." टिटवीने चोचीने कोपरा उचलला, येसाक्काने सावली सोलून काढली आणि लुगड्यासारखी घडी घातली.

दरबारात घागर आणि घडी पाहून चक्रनाभाचा चेहरा उतरला. पण जीभ उतरली नाही. "तिसरे काम. सौदा माझ्या पेढीवर होत नाही, हे सिद्ध कर."

"मी कशाला सिद्ध करू? तुमच्या पेढीवर होतो ना? मग पसरा रुमाल, आणि गिऱ्हाइकाला इथेच पाजा."

तिने अंगणात सावली उलगडली आणि घागरीचे फडके सोडले. आपला आवाज ऐकून, आपली सावली पाहून दूर माळाकडे निघालेला गरुड वाट सोडून ढगांतून खाली वळला आणि राजवाड्याच्या अंगणात उतरला. कौले उडाली. मंडप धुराने भरला. प्रधान पालखीखाली शिरला. गरुडाने चोच उघडली आणि रस मागितला.

"पाजा ना, दलालसाहेब!" येसाक्का ओरडली. "सौदा तुमचा, गिऱ्हाईक तुमचं, मग मागे का सरता?"

"घालवा त्याला! माळावर घालवा!" चक्रनाभ खोकत म्हणाला. सगळ्या दरबाराने ते ऐकले.

येसाक्काने सावली गुंडाळून वर भिरकावली. गरुड तिच्यामागे उडून गेला.

राजा म्हणाला, "ठरले. आजपासून सगळा कर कातळवाडीचा."

टिटवी तिच्या खांद्यावर येऊन बसली होती. कानात म्हणाली, "सगळा घेशील तर तहानही घेशील. गरुड ज्यांच्या घरांवरून जातात, त्या गावांनी काय खाल्ले? धूरच ना?"

आयुष्यभर माळाला नाकारलेले धन समोर होते आणि ते हातात घ्यावे असे येसाक्काला फार वाटत होते. मग ती म्हणाली, "नको, महाराज. व्यापाऱ्यांना नगरी आणते, तिचाही वाटा आहे. वाटेवरच्या गावांचाही. पण मोठा वाटा माळाचा. पाणी आमचं गेलंय."

चक्रनाभाने सवयीने रुमाल पुढे केला आणि त्याखाली हात सरकवला. येसाक्काने रुमाल ओढून घेतला.

"हात वर घ्या. बोटं सगळ्यांना दिसू देत."

कराचे वाटे चार, एका वाट्याला एक बोट; त्या चार बोटांचा वाद दिवस मावळेपर्यंत चालला. नगरशेठ चिडला, दरबारी हजर असलेले वाटेवरच्या गावांचे पाटील ओरडले, येसाक्काही ओरडली. शेवटी दोन बोटे माळाला, एक नगरीला, एक वाटेवरच्या गावांना, असे उघड्यावर ठरले. ठरताच राजाने पेला तोंडाला लावला, अर्धा प्यायला, आणि खाली ठेवला.

दिवाळीला पाटाचे पाणी माळावर आले. पूजेसाठी राजा पुढे झाला, तोच येसाक्काने हात आडवा केला.

"थांबा, महाराज. म्हशी आल्यात."

राजा चिखलात बाजूला उभा राहिला. म्हशी पोटभर प्यायल्या, मग माणसे प्यायली, मग राजाने ओंजळ धरली. ऐकणाऱ्याच्या दारी पाणी येवो, आणि त्याचा भाव उघड्यावर ठरो.