तामस आणि राजाचे बारा

एक होता राजा, नाव खड्गसेन. भारी रागीट बरं का! आमटीत मीठ कमी पडलं तरी पायाची आग मस्तकात जायची. त्याची मुलगी इंदुमती. तीही बापाच्या वळणावर गेलेली.

एकदा काय झालं, त्यांच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. कोळ्यांनी एका गोऱ्या खलाशाला ओढून काढलं. त्याचं नाव टॉमस, पण लोक म्हणायचे तामस. स्वभावानं मात्र अगदी गरीब. इंदुमतीनं त्याला आपली भाषा शिकवली. पण तो आपल्या शब्दांत त्याच्या देशाच्या म्हणी बोलायचा, आणि त्या एकट्या इंदुमतीलाच कळायच्या. ए शिऱ्या, पाय पांघरुणात घे आणि पुढं ऐक.

तामसला घरी जायचं होतं. म्हातारी आई वाट बघत होती. नावेसाठी लाकूड मागायला तो दरबारात गेला. राजानं आधी जेवायला बसवलं. तामस खूश झाला. म्हणाला, "महाराज, मी नवव्या ढगावर आहे!"

राजाचा घास हातातच राहिला. "आम्ही जमिनीवर, आणि हा ढगावर?"

मग राणी आली. तामस अदबीनं म्हणाला, "राणीसाहेब नवापर्यंत नटल्या आहेत."

"नवापर्यंत?" राणी फणकारली. "दहाला काय कमी पडलं?" आणि तरातरा आत निघून गेली.

तामस घाबरला. आता राजाचं कौतुक करावं म्हणून घाईघाईनं बोलला, "महाराज, आपलं राज्य कुणाला दुसरं नाही!"

राजानं 'दुसरं' ऐकलं. पुढचं 'नाही' ऐकलंच नाही. ताट भिरकावून तो ओरडला, "मी दुसरा? याचे बारा वाजवा!"

शिपायांनी तलवारी उपसल्या.

मग बापाशेजारी जेवायला बसलेली इंदुमती उठली. रागानं नुसती लाल झाली होती. "हात लावाल तर खबरदार!" असं म्हणून ती धावत देवडीवर गेली आणि तिथली मोठी घंटा बडवायला लागली. ठण! ठण! ठण! मोजून बारा ठोके दिले.

"इंदू, हे काय मांडलंयस?" राजा गरजला.

"तुम्हीच म्हणालात ना बारा वाजवा? वाजवले!"

"अगं, ती बोलायची रीत आहे!"

"मग त्याची नाही का? नववा ढग म्हणजे आनंद. नवापर्यंत नटणं म्हणजे काही उणं न ठेवता नटणं. आणि कुणाला दुसरं नाही म्हणजे सगळ्यांत पहिलं! तुमची स्तुती करत होता तो. तुम्ही त्याचा जीव घ्यायला निघालात. मी नाही बोलणार तुमच्याशी."

राजाचं तोंड एवढंसं झालं. त्यानं शिपायांना हातानंच मागे सारलं. तामसला लाकूड दिलं, सुतार दिले, शिधाही दिला. तरी इंदुमती बोलेना. जेवायला एकत्र बसेना.

शेवटी राजा तिच्या दाराशी गेला. आयुष्यात कधी उच्चारले नव्हते ते शब्द ओठांवर येईनात. मग हळूच म्हणाला, "इंदू, चुकलं माझं."

आतून कडी वाजली, आणि दार उघडलं.

तामस सुखरूप घरी पोचला. म्हातारीनं त्याला पोटाशी धरलं. राजा, राणी, इंदुमती, सगळी आनंदात राहिली. झाली गोष्ट. आता मिटा बघू डोळे.