रांगोळीचा ठिपका आणि देवीचा चेंडू

फार फार जुनी गोष्ट आहे. मुलांनो, ती तुमच्यासाठी आहे. आणि शेजारी बसून आपण ऐकतच नाही असं दाखवणाऱ्या मोठ्या माणसांनो, ती तुमच्यासाठी जरा जास्तच आहे.

एका डोंगराळ राज्यात, खोल दरीच्या काठावर दोन वाड्या होत्या. एक वरची, एक खालची. दरीच्या पलीकडे एक कुरण होतं. तिथलं गवत माणसाच्या कमरेला लागायचं. ज्या वाडीला ते मिळायचं तिची गुरं उन्हाळा सुखाने काढायची. पूर्वी त्या गवतापायी दर वर्षी डोकी फुटायची. शेवटी एका राजाने तोड काढली. कार्तिकी पौर्णिमेला दोन्ही वाड्यांतून एकेकाने दरीकाठच्या ओट्यावर उभं राहायचं आणि वाकड्या टोकाच्या काठीने खैराच्या लाकडाचा चेंडू पलीकडे टोलवायचा. कुरणाच्या मधोमध शेंदूर फासलेला देवीचा दगड होता. ज्याचा चेंडू त्या दगडाच्या जवळ, त्याच्या वाडीचं गवत. चेंडू दरीत पडला तर पडला, दुसरा मिळायचा नाही.

आणखी एक नेम होता, आणि खरी मेख तिथेच होती. चेंडू देवीचा, तो देवीच्याच दिवशी टोलवायचा. एरवी वर्षभर टोला मारणाऱ्याने काठी कशालाही लावायची नाही. चेंडूला नाही, फळाला नाही, वाटेतल्या खड्यालासुद्धा नाही. मग सराव कसा करायचा? घरच्या अंगणात, नुसत्या काठीने, हवेत.

वरच्या वाडीची काठी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात होती. त्या घरात आता दोनच माणसं उरली होती, म्हातारा बाप आणि त्याची मुलगी येसू. बापाने तरुणपणी मारलेल्या टोल्यांच्या गप्पा अजून पारावर चालत. पण त्याची नजर गेली. जाऊ लागली तेव्हा त्याने कोणाला पत्ता लागू दिला नाही, आणि लागोपाठ दोन वर्षं वरच्या वाडीचा चेंडू दरीत गेला. गुरांच्या बरगड्या दिसू लागल्या. येसूच्या दावणीची कपिला तर हात दिल्याशिवाय उठेना. यंदाही गवत हुकलं तर घरदार सोडून सगळ्यांनी घाट उतरायचा, असं चावडीवर ठरून गेलं होतं.

अशा वेळी काठी येसूच्या हातात आली.

सकाळी ती अंगण शेणाने सारवायची. ते वाळलं की मधोमध चिमटीने रांगोळीचा एकच ठिपका टाकायची. त्यासमोर पाय रोवून उभी राहायची, काठी खांद्यामागे न्यायची आणि ठिपक्यावरून फिरवायची.

"काठीच्या वाऱ्याने ठिपका उचल," बाप ओसरीवरून म्हणायचा. "पण जमिनीला कळता कामा नये."

काठी जरा खाली आली तर सारवणावर ओरखडा उठायचा. जरा वर राहिली तर ठिपका जागच्या जागी हसत बसायचा. बापाला यातलं काहीच दिसत नव्हतं. तो कान देऊन ऐकायचा. "आज वारा नुसता ढकललास. कापला नाहीस," तो म्हणायचा. किंवा, "खांदा पुढे धावला, हात मागे राहिला." येसू चकित व्हायची. डोळे असलेल्या माणसांना जे दिसत नाही ते या माणसाला ऐकू कसं येतं? त्याच्या पायाशी बसताना तिला कधी कधी देवळात बसल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी पाटील डोकावले. वाडीची काळजी त्यांच्याच डोक्यावर होती, म्हणून त्यांना झोप नव्हती. त्यांनी येसूचं ते हवेत काठी फिरवणं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"पोरी, हवेला मारून हवाच पलीकडे जाणार," ते हळूच म्हणाले. "टेकडीमागे कवठं आहेत. चांगली टणक आहेत. तिकडे जाऊन चार टोले मार. कोण बघतंय?"

"पण नेम आहे ना, पाटीलकाका?"

"नेम माणसांसाठी असतात. माणसंच वाडी सोडून गेली तर नेम पाळणार कोण?"

बोलणं बिनतोड वाटलं. येसूने रात्रभर कूस बदलली आणि दुसऱ्या दिवशी जळणाच्या निमित्ताने टेकडीमागे गेली.

पहिलं कवठ असं उडालं की तिचा श्वासच अडकला. ते आभाळात लहान लहान होत गेलं आणि लांब झुडपात पडलं. अंगणात तिला कधी असं सुख मिळालं नव्हतं. तिथे काहीच उडत नव्हतं, काहीच पडत नव्हतं, शाबासकी म्हणून बापाचं एक "हं" मिळायचं. इथे केलेलं लगेच दिसत होतं. मग ती रोज जाऊ लागली. टोला मारायचा आणि बघायचं. मारायचा आणि बघायचं. पुढेपुढे तर आधी बघायचं आणि मग मारायचं, असं होऊन बसलं. कवठं कधी डावीकडे जाऊ लागली, कधी पायाशीच फुटू लागली. ती जितकी चुकली तितकी जास्त कवठं गोळा करत गेली.

पौर्णिमा जवळ आली. सकाळी येसूने ठिपका टाकला आणि काठी फिरवली. सारवणाचा खपलाच निघाला.

 बापाने हात पुढे केला. "काठी दे."

त्याने काठीचं टोक नाकाशी नेलं. "कवठाचा वास येतोय," तो म्हणाला.

 येसू तिथेच मट्‌कन बसली आणि रडू लागली. "बा, चुकलं माझं. मला भीती वाटली. सगळी वाडी माझ्या हाताकडे बघतेय."

आता बाप काठीच उगारेल असं तिला वाटलं. पण म्हाताऱ्याने चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

"भीती मलाही वाटली होती, पोरी. माझी नजर जात होती आणि मी चेंडू कुठे जातोय ते शोधत बसलो. त्यातच दोन वर्षं घालवली. नेम काही देवीच्या हौसेखातर नाही गं. चेंडू समोर असला की माणूस त्याच्यामागे जातो. हात इथे राहतो, जीव तिकडे. चेंडू कुठे पडला ते बघायला सगळं गाव उभं आहे. तुला तिकडे बघून काय करायचंय? तू ठिपका उचल."

येसूने डोळे पुसले. त्याच दिवशी पुन्हा अंगण सारवलं.

त्यानंतर ती टेकडीकडे फिरकली नाही. हात मात्र लगेच ताळ्यावर आला नाही. मान आपोआप वर व्हायची, आणि तिथे तर बघायला काहीच नसायचं. आपल्याच मानेचा तिला राग यायचा, मग हसू यायचं. ओरखडे उठत राहिले, ती सारवत राहिली. आणि पौर्णिमेच्या आदल्या सकाळी ती ठिपक्यासमोर उभी राहिली तेव्हा तिच्या मनात वाडी नव्हती, दरी नव्हती, आपण येसू आहोत हेही नव्हतं. काठी मागे गेली आणि आली.

अंगणातून एक आवाज गेला. तो मोठा नव्हता. पण दावणीची कपिला आपली आपण उठून उभी राहिली, आणि फाटकाशी आलेले पाटील उचललेला पाय तसाच ठेवून थांबले. हवेत पांढरी धूळ तरंगत होती. ठिपका होता तिथे काही नव्हतं, आणि सारवणावर केसाएवढीही रेघ नव्हती.

ओसरीवरच्या म्हाताऱ्याच्या अंगावर काटा आला होता. त्याने नुसते हात जोडले. कोणाला, ते त्याने सांगितलं नाही.

पौर्णिमेला दोन्ही वाड्या दरीकाठी लोटल्या. आधी खालच्या वाडीचा गडी ओट्यावर चढला. दांडगा, उंचापुरा, नाव घेण्यासारखा माणूस. त्याने टोला हाणला तसा दरीत आवाज घुमला. चेंडू कुरणात पडला, दगडापासून एका गाईच्या लांबीवर. खालच्या वाडीने ढोल बडवले. वरच्या वाडीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावला. काहींच्या डोळ्यांपुढे बांधलेली गाठोडीच आली.

मग येसू चढली. दरीतून वारा वर येत होता. पुजाऱ्याने समोर चेंडू ठेवला. येसूने खाली बघितलं, आणि खरं सांगतो, तिला चेंडू दिसलाच नाही. तिला दिसला सारवलेल्या अंगणातला पांढरा ठिपका. तिने तो उचलला.

कसला दणका झाला नाही. तोच कालचा आवाज झाला. चेंडू दरीवर चढला, वाऱ्यात क्षणभर थबकला, आणि शेकडो माणसांचा श्वास त्याच्याबरोबर थबकला. येसूची मान खालीच होती.

"पोचला," गर्दीतून आंधळा बाप म्हणाला. चेंडू तेव्हा अजून हवेतच होता.

आणि चेंडू उतरला तो दगडाला टेकून थांबला. त्याला शेंदूर लागला होता.

आरडाओरडा व्हायला थोडा वेळ लागला.  मग वरच्या वाडीत जो गलका उठला तो दरीने बराच वेळ घोळवला. पाटील लहान मुलासारखे रडले.

खालच्या वाडीचा गडी मात्र येसूकडे आला. "ताई," तो म्हणाला, "तू सराव करतेस ती जागा मला दाखव."

येसूने त्याला घरी नेलं. पायांनी पडलेले खड्डे, उखडलेली माती, असं काहीतरी दिसेल या आशेने तो अंगणभर फिरला. जमीन सपाट होती, गुळगुळीत होती. कुठे काही मोडलं नव्हतं, कुठे काही उमटलं नव्हतं. मधोमध फक्त एक ठिपका होता.

त्या दांडग्या माणसाने पागोटं उतरवून हातात घेतलं आणि तो ठिपक्यासमोर उकिडवा बसला. दिवस मावळेपर्यंत त्याला कोणी उठवलं नाही.

त्या वर्षी कपिलाला कमरेइतकं गवत मिळालं आणि वाडीतलं एकही घर उठलं नाही. पुढच्या कार्तिकात मात्र खालच्या वाडीतही एका अंगणात सकाळी रांगोळीचा एकटाच ठिपका दिसू लागला.

लक्षात ठेवा: जिथे मिळण्यासारखं काही नाही आणि बघायलाही कोणी नाही, तिथे जो हात खरा राहतो, तोच हात कसोटीच्या दिवशी दरी ओलांडतो.