मुहूर्ताआधीचं अंडं

फार जुनी गोष्ट आहे. समुद्राला तेव्हा होड्यांची ओळखसुद्धा नव्हती. एका खडकाळ बेटावर सुरय पक्ष्यांची मोठी वस्ती होती. दर वर्षी ज्या दिवशी तिथल्या उंच सुळक्याची भरदुपारची सावली वाढत वाढत पाण्याला टेकायची, त्या दिवशी म्हातारा मुखिया ओरडायचा, "घाला अंडी!" त्याआधी कुणी अंडं घालायचं नाही, असा पणजोबांपासूनचा रिवाज.

एका सुरयीला मात्र गेल्या वर्षीचं दुःख सलत होतं. तिचं पिलू अंड्यातून बाहेर आलं, तोवर बारीक मासळी वाढून थोराड झाली होती. पिलाच्या घशात मासा उतरेना. चोचीत मासा असताना ते उपाशी मेलं. निम्म्या बेटाची पिलं तशीच गेली. मुखिया म्हणाला, "ज्याचं त्याचं नशीब!"

यंदा नवऱ्याने आणलेला मासा तिने फोडला, तर आत अंड्यांनी भरलेली गाभोळी! एवढ्या लवकर? म्हणजे बारीक मासळीही लवकर येणार. सावली अजून अर्ध्या वाटेवरच होती. सुरयीने वाळूत खळगा केला आणि अंडं घातलं.

बेटावर एकच गहजब झाला.

"बये, आपले पूर्वज काय खुळे होते?" मुखिया कडाडला.

"नव्हते, आजोबा. त्यांच्या वेळी मासळी सावलीबरोबर यायची. आता येत नाही."

"मग तुझ्या शेजारी कुणी घरटं करणार नाही. घार आली तर एकटी निस्तर!"

"निस्तरेन. पण मेलेलं पिलू पुन्हा बघणार नाही."

घार आली. एकदा नव्हे, तीनदा आली. दोघं नवरा-बायको तिच्यावर तुटून पडली. नवऱ्याची शेपटी अर्धी झाली, पण अंडं वाचलं. पिलू बाहेर आलं आणि दुसऱ्याच दिवशी किनारा बारीक मासळीने भरून गेला.

पुढे सावली टेकली. बाकीच्यांनी अंडी घातली. त्यांची पिलं आ वासून बसली, तेव्हा मासळी पुन्हा थोराड झालेली. मुखियाचा नातूही चोचीत मासा घेऊनच गेला. सुरयीचं पिलू तेव्हा वाऱ्यावर गिरक्या घेत होतं. तिला त्याचा अभिमान वाटला, आणि त्या नातवासाठी रडूही आलं.

पुढच्या वर्षी मुखिया मान खाली घालून तिच्याकडे आला. "पोरी, यंदा कधी ते तूच सांग."

"मी नाही सांगणार, आजोबा. उद्या माझ्या सांगण्याचाही रिवाज कराल! मासा फोडा आणि बघा."

त्या वर्षी सुळक्याच्या सावलीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. बेटावर पिलांचा नुसता कलकलाट झाला.

लहानांनो आणि थोरांनो, मुहूर्त पिलांसाठी असतो. पिलं मुहूर्तासाठी नसतात.