मुरमाळावरचा पळस

नांदवळहून केळशेताला जाणारा हा राज्य महामार्ग अवघा एकोणीस किलोमीटरचा. वाटेत ना डोंगर, ना ओढा. तरी या मुरमाळावर तो गिरक्या घेतो आणि तीनदा याच पळसापाशी येतो. गोंधळलात ना पाहुणे? गोंधळणारच. मी तीस वर्षं इथं एसटी चालवली, मलाही अजून धड उलगडलेलं नाही.

असं सांगतात, की रस्ता नव्हता तेव्हा नांदवळात भिवराई नावाची सुईण होती. मोठी ताठ्याची बाई! उभ्या जन्मात तिनं कुणाला वाट विचारली नाही. एका सकाळी केळशेताहून सांगावा आला, लेक गोदी अडलीय. भिवराई तशीच निघाली. माळावर धुकं एवढं, की स्वतःचा हात दिसेना. चालून चालून ती पळसाशी आली. पुन्हा चालली, तर पुन्हा पळसच! झाडाखाली म्हाकू धनगर मेंढरं घेऊन बसलेला. त्यानं हटकलं, “वाट चुकलीस का गं मावशी?”

“मी? मला शिकवतोस व्हय रे!” म्हणत ती तरातरा पुढं गेली.

तिसऱ्यांदा पळस आला तेव्हा मात्र मटकन खाली बसली. “बाबा, केळशेत कुठं रं?” म्हाकूनं बोट दाखवलं. गाव हाकेच्या अंतरावर होतं म्हणे.

ती पोचली तेव्हा नात टाहो फोडत होती. गोदी नुकतीच गेली होती.

पुढं भिवराईनं, आपण ज्या पावलांनी भरकटलो त्याच पावलांवर, चुना फासलेले दगड मांडले. सरळ वाट सोडून चुकलेलीच का? कुणी म्हणतं, धुक्यात पोचवणारी तेवढीच तिला ठाऊक होती. कुणी म्हणतं, तिनं स्वतःला शिक्षा केली. मला विचाराल तर, देव जाणे! दगडांच्या कडेनं बैलगाड्या गेल्या. मग सडकेची आखणी करायला साहेब आले, त्यांनी सरळ रेषेत खुंट्या ठोकल्या. गावानं त्या उपटून दगडांशेजारी रोवल्या.

आजही इथं प्रत्येक गाडी थांबते. वाट पाठ असली तरी ड्रायव्हर खाली उतरतो, विचारतो, “केळशेत कुठं?” आणि जो कुणी समोर असेल, त्यानं बोट दाखवायचं. मीही रोज विचारायचो. ती नात म्हणजे माझी आजी.

चला, आता तुम्ही विचारा. अहो, लाजताय काय? भिवराईनं लाजून पाहिलं एकदा.