पानमळ्यातली परी आणि हौसाचा पट्टा

कृष्णेच्या काठाला एक गर्द पानमळा होता. आत पाऊल टाकलं की ऊनसुद्धा हिरवं व्हायचं! त्या मळ्यात हौसाची आई नागवेली बांधायच्या कामाला होती. आणि हौसा? नऊ वर्षांची पोर, पण एका जागी टिकेल तर शपथ. आत्ता पाटाशी, तर आत्ता शिडीच्या टोकाला!

पण गेल्या दिवाळीपासून तिचा फ्रॉक एका बाजूने लोंबू लागला. पाठीवर उजवीकडे इवलासा उंचवटा आला. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाठीचा कणा कुशीला वळतोय. वाढ थांबेपर्यंत पट्टा घालावा लागेल. नीट निवडा हं. चुकीचा निवडलात तर वळण वाढेल, आणि पुढे पोरीला श्वास घेणंही जड जाईल."

आईने मान डोलावली आणि घरी येऊन चुलीपुढे रडली. हातावर पोट असलेल्या बाईने पट्टा आणायचा कुठून, आणि निवडायचा तरी कसा? हौसाचाही जीव थाऱ्यावर राहिना. पट्टा म्हणजे आपल्याला बांधून घालणार, असंच तिच्या मनाने घेतलं होतं.

एके सकाळी ती आईच्या आधीच मळ्यात पोचली. मळ्याच्या रिवाजाप्रमाणे चपला तिने बाहेर काढल्या. आत शिरते तो काय, एका कोवळ्या वेलीला कुणीतरी सुतळीने करकचून आवळलेलं! हौसाची पाठ ठणकत होती, तरी तिने दातांनी गाठ सोडवली आणि मऊ लव्हाळ्याने वेल पुन्हा हलकेच बांधली.

तोच पानांत लुकलुक झाली. छुन छुन छुन! एका पानावरून अंगठ्याएवढी परी उतरली. पोपटी पंख, दवाच्या थेंबांचा मुकुट, पायांत चिमुकले पैंजण.

"माझ्या वेलीचा गळा सोडवलास गं सोनुले! माग, एक इच्छा माग."

"माझी पाठ सरळ कर. आत्ताच्या आत्ता!"

"तसं नाही हं," परी म्हणाली. "वाढत्या जिवाला मी ओढून सरळ करत नाही. आधार देते. मी दोन पट्टे घडवीन, तू एक निवडायचास. नियम दोनच. लेप वाळेपर्यंत हलायचं नाही. आणि जो निवडशील तो रोज घालायचा. कुरकुर केलीस तरी चालेल, पण घालायचा."

"हलायचं न्हाई?" हौसा जागच्या जागी चुळबुळली.

परीने दव आणि ऊन एकत्र घुसळलं, आणि तो सोनेरी फेस हौसाच्या अंगाला थापला. अगं बाई, केवढा गारेगार! नाक खाजायला लागलं. मग गुडघा. मग एक पिवळं फुलपाखरू नेमकं पायाच्या अंगठ्यावर येऊन बसलं. हौसाने दात आवळले, गाल फुगवले, श्वाससुद्धा कोंडून धरला. आणि लेप वाळला! लखलखता, गुळगुळीत, लाल मण्यांनी मढवलेला सोन्याचा पट्टा तयार झाला.

आता दुसरा, चंदेरी लेप. तो वाळत आलाच होता, इतक्यात डोक्यावर "चिंव!" झालं. शिंपी पक्ष्याचं पिल्लू घरट्याच्या काठावरून निसटत होतं. एक पाय आत, एक बाहेर. हलले तर लेप बिघडेल, हे हौसाला ठाऊक होतं. तरी तिने डावा हात उंच ताणला, इतका की डावी कूसच्या कूस उघडली. मऊ मऊ पिल्लू अलगद तळहातावर पडलं. तिने ते घरट्यात ठेवलं, आणि मग मात्र तिला हुंदका आला.

"हलले मी. बिघडला की गं!"

खरंच, चंदेरी पट्टा भलताच झाला होता. डावीकडे त्याला खिडकीएवढी पोकळी पडली होती. "असला वेडावाकडा पट्टा माझ्या हातून कधी झाला नव्हता," परी नाक मुरडून म्हणाली. "सोन्याचाच घे बाई."

हौसाने सोन्याचा पट्टा चढवला. काय दिसत होती! अख्खं गाव बघत राहिलं असतं. तिने श्वास घ्यायला छाती फुगवली, तर ती फुगेचना. श्वास कोंडून घडवलेल्या पट्ट्यात श्वासाला जागा कुठली असणार? तिने धापा टाकत तो काढला.

मग चंदेरी चढवला. उजवीकडे त्याने उंचवटा असा काही दाबला की ती "आई गं!" करून ओरडली. पण श्वास घेतला, तर तो डाव्या पोकळीत सुळ्ळकन शिरला, आणि दबलेली पाठ त्या बाजूला जराशी सरकली. हौसा धावत पाटापर्यंत गेली, धावत परत आली. काखेत काचत होतं. पुन्हा धावली.

सोन्याचे मणी अजून चमकत होते. तिने त्यांच्याकडे एकवार, मग आणखी एकवार पाहिलं. आणि म्हणाली, "ह्योच."

परीने टाळी वाजवली. "चुकलेच मी! एकीकडून दाबायचं तर दुसरीकडे सरकायला जागा नको का? ती जागा तुझ्या मायेने केली गं, माझ्या जादूने नाही. जा, तू वाढशील तसा हाही वाढेल. दुसरा शोधत फिरावं लागणार नाही तुझ्या आईला."

एवढं बोलून परी गिरकी घेत वर गेली. सोन्याच्या पट्ट्याची भुर्रकन किरणं झाली, मळा क्षणभर झगमगला, आणि परी त्या उजेडातच विरून गेली.

"हौसे! अगं कुठं हाईस?" हाका मारत आई आली आणि तिने लेकीला पोटाशी धरलं. हाताला टणक पट्टा लागताच ती दचकली.

"तिकडं न्हाई आये, हितं धर." हौसाने आईचा तळवा त्या पोकळीत ठेवला. हाताखाली श्वास वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला.

"दुखतंय का गं बाळा?"

"दुखतंय," हौसा म्हणाली. "पर श्वास मावतोय." आणि आईच्या हातून निसटून ती शिडीकडे पळाली.