नावाडीण आणि सरकलेली नदी

फार पूर्वीची गोष्ट आहे, पण साल पक्के आहे. ज्या भाद्रपदात पुराने घाटाच्या अकरा पायऱ्या बुडवल्या, त्याच सालचा आश्विन. दसऱ्याला आठ दिवस उरले होते.

त्या गावात एक नावाडीण होती. नाव चालवायला तिला तिच्या सासूने शिकवले. म्हातारीचे गुडघे धरले तेव्हा तिने बांबू सुनेच्या हाती दिला. तो बांबू तळाला टेकवायचा आणि नाव पुढे ढकलायची. सहा वर्षांत सुनेने एकही माणूस भिजू दिला नव्हता.

आषाढात तिला मुलगी झाली. ती घरी राहिली. तिच्या जागी धाकट्या दिराने दोन महिने नाव चालवली. तेव्हा पाणी भरपूर होते, कुठूनही नेली तरी नाव पार होई. मग पूर आला आणि नाव काठावर ओढून ठेवली.

गावाचा रिवाज असा, की दसऱ्याची पहिली खेप ज्याच्या हातून पार पडेल, वर्षभर नाव त्याची. दिराला नाव हवी होती. नावाडिणीलाही हवी होती. ते तिचे काम होते.

ती रिकामी नाव घेऊन सरावाला निघाली. पलीकडची चिंच आणि देवळाचा कळस एका रेषेत धरला की खोल पाणी मिळते, हे तिला पाठ होते. तिने रेष धरली. मध्यावर नाव वाळूत घुसली आणि तिथेच बसली.

घाटावर धुणे धुणाऱ्या बाया हसल्या. "पोर बाहेर आली, तिच्यामागून अक्कलही गेली वाटतं!"

दीर काठावरून ओरडला, "वहिनी, तुम्ही पाळणा हलवा. नाव मी हलवतो."

ती गुडघाभर पाण्यात उतरली, नाव ढकलून मोकळी केली आणि घरी आली. बांबू कोपऱ्यात उभा केला.

"आत्याबाई, मी विसरले," ती सासूला म्हणाली.

सासू डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "काय विसरलीस? बांबू धरायला?"

"नाही."

"तोल सांभाळायला?"

"नाही. चिंच आणि कळस बरोबर धरला होता. तिथं पाणी असायचं. आता वाळू आहे."

"म्हणजे तुला सगळं आठवतंय. नदी सरकली." सासूने सूप बाजूला ठेवले. "एवढा पूर गेला, ती काय तुझ्यासाठी जुन्या जागी थांबेल? तुझ्या अंगावरूनही पूर गेलाय. तूही जुनी राहिली नाहीस. रडायचं असेल तर रड, पण उद्या जाऊन तळ बघ."

"धाकटे भावोजी तुमचे पोटचे आहेत, आत्याबाई."

"तो पोटचा आहे. पण नावेत गाव बसतं."

दुसऱ्या दिवशी ती निघाली. पूर्वी ती एका दमात सगळी नदी पालथी घालायची. आता ते जमेना. दोन घटका झाल्या की मुलगी रडे, नवरा तिला घेऊन काठावर येई आणि नावाडिणीला परतावे लागे. त्या दिवशी तीनदा परतावे लागले. तिन्ही वेळा ती कुठवर पोचली होती हेच तिच्या ध्यानात राहिले नाही.

तिसऱ्या दिवशी तिने शेवरीच्या काठ्या नावेत घेतल्या. जिथे बांबू खोल जाई, तिथल्या वाळूच्या कडेला काठी रोवायची. हाक आली की परतायचे, मुलीला पाजायचे, आणि पुन्हा शेवटच्या काठीपासून पुढे निघायचे.

"नदीत कुंपण घालतेस काय गं?" बाया म्हणाल्या.

"हो. तुमची म्हैस आत येऊ नये म्हणून," ती म्हणाली आणि पुढची काठी रोवली.

दीर एकदाही पाण्यात उतरला नाही. तो पारावर बसून सांगे, "दोन महिने मीच नेली की! मला नदी काय दाखवता?"

दसरा आला. दुपारी सगळा गाव घाटावर जमला. नावाडिणीने रोवलेल्या काठ्यांपैकी एकही दिसत नव्हती. पुराच्या उरल्या पाण्याने त्या रात्रीतच वाहून नेल्या होत्या. नदी कोरी दिसत होती.

पहिली खेप कोणाला द्यायची ते ठरवायला पाटलांनी दोघांना पुढे बोलावले. "मध्यावर पाणी किती?"

"भरपूर आहे, पाटील," दीर म्हणाला.

"तू सांग," पाटील नावाडिणीला म्हणाले.

"चिंचेसमोर गुडघाभर, नाव बसेल. पलीकडच्या पिंपळासमोर दोन पुरुष खोल. तिथून उजवीकडे चाळीस हातांपर्यंत खोल पाणी आहे, मग पाण्यातला काळा खडक डावीकडे ठेवून सरळ काठ."

पाटलांनी बांबू तिच्या हाती दिला. पण नावेत कोणी चढेना. एक बाई म्हणाली, "अंगावर पिणारं पोर आहे तिचं. मध्येच ते रडलं तर?"

"रडेल," नावाडीण म्हणाली. "तिचा बाप काठावर आहे. ज्यांना बसायचं त्यांनी बसावं. मी कोणाचा हात धरून बसवणार नाही."

सासू उठली, काठी टेकत नावेत जाऊन बसली. मग पाटील बसले. मग नाव भरली.

पिंपळासमोर पोचल्या पोचल्या मुलगी खरेच रडू लागली. नावेतल्या सगळ्यांनी नावाडिणीच्या हातांकडे पाहिले. तिने रडणे ऐकले, बांबू तळाला टेकवला आणि नाव उजवीकडे वळवली. चाळीस हात. काळा खडक डावीकडे गेला. नाव पलीकडच्या काठाला लागली आणि एकाचाही पाय ओला झाला नाही.

त्या वर्षी नाव तिचीच राहिली. दीर दुसऱ्याच दिवशी आला, खाली बघत म्हणाला, "वहिनी, मलाही तळ बघायला न्या."

"चला," ती म्हणाली. "आधी मुलीला पाजते."

तात्पर्य: थांबून परतलेल्याचे कसब कुठे जात नाही, त्याने जुन्या खुणांवर न विसंबता आजचे पाणी नव्याने मोजावे.