भिवराईचे साठ दिवे

घाटात अजून गाडीवाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

चोंढाणे म्हणून एक गाव. तीन अंगांना डोंगर, चौथ्या अंगाला नदी आणि मधल्या पठारावर साठ उंबरे. त्या साठ उंबऱ्यांत भिवराई सुईणीचा हात लागल्याशिवाय मूल रडतच नसे, असं म्हणतात.

एका साली तापाची साथ आली. माणसं जाऊ लागली तसं लोकांनी गाव सोडलं. कुणी घाटाखाली सोयऱ्यांकडे गेलं, कुणी नदीपलीकडच्या रानात खोपट घालून राहिलं. शेवटच्या आजाऱ्याला पाणी पाजायला भिवराई थांबली, ती थांबलीच. पुढे साथ सरली, दिवाळीही गेली, पण जो तो दुसऱ्यानं आधी परतावं म्हणून वाट बघत राहिला. भिवराई रोज साठही अंगणं फिरायची, वाऱ्यानं उघडलेली दारं लोटून घ्यायची आणि कधी बोललीच तर आपल्याच आवाजाला दचकायची.

पौषात शिरगणतीचे भास्करपंत आले. गावात माणसं किती, असं त्यांनी विचारलं.

"दोनशे त्र्याण्णव," भिवराई म्हणाली. "तापानं नेलेले एकोणीस त्यात धरले नाहीत."

पंतांनी ओस आळीकडे पाहिलं. मग भिवराईनं त्यांना दारोदार नेलं. कुणाची नाळ कुठं पुरलीय, कोण पायाळू जन्मलं, कुणाचं पहिलं रडणं नदीपार ऐकू गेलं, सगळं नावानिशी सांगितलं. ऐकता ऐकता पंतांचे डोळे भरले, पण लेखणी काही उचलली गेली नाही.

"एका दिव्यानं गाव होत नाही, बाई," ते म्हणाले.

गाव बेचिराख, म्हणजे एकही दिवा न लागणारं, असं लिहिलं की शिवार सरकारी रानात जाणार होतं. मग परतणाऱ्याला चूल मांडायलाही जागा उरली नसती. पंतांनी एवढंच कबूल केलं, की परवा ते समोरच्या डोंगराच्या सोंडेवरून पुढच्या गावाला जातील, दिवेलागणीला तिथं थांबतील आणि जेवढे दिवे दिसतील तेवढी घरं लिहितील.

भिवराईनं घराघरातल्या कोनाड्यांतून पणत्या काढून पुसल्या. लुगड्याचा पदर फाडून वाती वळल्या. तेल मात्र बाळंतिणींना चोळायचं, बुधलीभर. सात पणत्यांना पुरलं असतं, फार तर आठ.

ती सांज आली. पहिल्या दारात तिचा हात अडखळला. हे खोटं तर होत नाही ना, असं तिच्या मनात आलं. मग त्या घरातल्या एकेकाचं नाव तिनं मोठ्यानं घेतलं आणि दिवा ठेवला. तसंच दुसऱ्या दारी, तिसऱ्या दारी. नवव्या दारी बुधली कलती केली तरी तेल आलं. विसाव्या दारीही आलं. काळोख दाटायच्या आत साठही उंबऱ्यांवर दिवे होते, आणि डोंगरवाऱ्यानं त्यांतला एकही विझला नाही, असं म्हणतात.

सोंडेवर पंतांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि लिहिलं, साठ उंबरे.

पण ते दिवे एकट्या पंतांनीच पाहिले असं नाही. नदीपलीकडच्या खोपटातून हौसा कोळपे नवऱ्याला म्हणाली, "अहो, सगळे परतले की. आपणच मागं राहिलो." घाटाखाली, रानात, ज्यानं त्यानं हेच म्हटलं. उजाडता उजाडता हौसा कोंबडी काखोटीला मारून नदी उतरली. बघते तर आळीत कुणी नाही, आणि भिवराई हौसाच्याच घराच्या पायरीवर बसल्या जागी झोपलेली. हौसानं तिच्या अंगावर घोंगडी घातली आणि चूल पेटवली. तो धूर पाहून पुढचे आले. आठवड्यात गाव भरलं.

आजही चोंढाण्यात पौषातल्या त्या तिथीला कुणी आपल्या दारात दिवा लावत नाही, दुसऱ्याच्या दारात लावतं. ज्या घरांना पुण्या-मुंबईची कुलपं, त्यांचा मान पहिला. लावताना घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं असतं. म्हणून दुपारपासूनच गावातून फोन जायला लागतात, की तुमच्याकडे यंदा नवं कोण आलं, नाव सांगा, दिवा लावायचाय.